पाकातली शर्यत

बापूसाहेब इंगवल्यांनी पायातली एक चप्पल काढली, नव्या काँक्रीटवर ठेवली आणि अंगठ्यानं हलकेच ढकलली. चप्पल सरसर घसरत थेट साखरेच्या गोदामाच्या पायरीपर्यंत गेली.

“बघा!” बापूसाहेब म्हणाले. “लोणी हाय, लोणी. हितंच घ्यायची शर्यत.”

समितीनं टाळ्या वाजवल्या आणि अर्धी समिती चप्पल आणायला धावली.

मोटरसायकलच्या शर्यतीसाठी जागा निवडताना, जिथं चप्पल घसरते तीच जागा पसंत करणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. पुढंही देवानं दाखवली नाहीत. बरं, शर्यत तरी कसली? पॉकेट बाइकची. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, ही खेळण्यातली गाडी नव्हे. दिसते मात्र तशीच. उंचीला गुडघ्याएवढी, दोरी ओढून चालू करायची, चाक जेवणाच्या ताटाएवढं. तिच्यावर दाढीमिशीवाला गडी बसला की गुडघे कानाला लागतात आणि तो पावसाळ्यातल्या बेडकासारखा दिसतो. पण पळते बेटी जीव खाऊन. आणि एवढ्याशा चाकाचा जमिनीला टेकणारा भाग असतो बिस्किटाएवढा. त्या बिस्किटाखाली काय आहे, यावर माणसाचे गुडघे शाबूत राहणार की नाही हे ठरतं.

आमचं कोल्हापूरजवळ हायवेला टायर रिमोल्ड करायचं दुकान. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं. आईच्या कुशीत कमी आणि रबराच्या वासात जास्त अशी मी वाढले. म्हणून मीच म्हणाले, “बापूसाहेब, तिकडचं ऊस उतरायचं जुनं आवार घेऊ या की. डांबरी हाय, खरखरीत हाय, टायर धरतंय.”

बापूसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते बाईमाणसाशी बोलायचं झालं तर तिच्या शेजारच्या पुरुषाशी बोलत. “चौगुल्याची पोरगी काय म्हणतीया? त्या काळ्या कुळकुळीत जागंत पाव्हणं बसवायचं व्हय? फोटोत कसं दिसंल त्ये?”

शेजारचा पुरुष म्हणजे विश्वजित सरनोबत. आमचा साखरपुडा झालेला होता. तो माझी बाजू घेईल म्हणून मी त्याच्याकडं पाहिलं.

“सरफेस जितका स्मूथ, तितका स्पीड जास्त,” विश्वजित म्हणाला. “युरोपात असंच असतं, बापूसाहेब.”

विश्वजित युरोपात कधी गेला नव्हता. पुण्याला एमबीएला होता, एवढंच. पण समितीत युरोप ऐकून सगळ्यांच्या माना डोलल्या आणि जागा पक्की झाली.

आता कुणी म्हणेल, अशा माणसाशी साखरपुडा केलास कशाला? तर केला, माझ्या आवडीनं केला. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा पांढऱ्याशुभ्र शर्टात होता आणि धूळ न झटकता टायरच्या चळतीवर बसला होता. मला तेवढं पुरलं. माणूस किती थोडक्यात फसतो बघा.

ती शर्यत मला जिंकायचीच होती, आणि त्याला कारण होतं. बापूसाहेबांच्या साठीनिमित्त त्यांच्या साखर कारखान्याच्या आवारात हा चषक भरवला होता, आणि कोइमतूरच्या एका रेसिंग टीमचे अय्यासामी नावाचे गृहस्थ पाहुणे म्हणून येणार होते. जो जिंकेल त्याला कोइमतूरला नेऊन खऱ्या ट्रॅकवर, खऱ्या बाइकवर चाचणी देणार, असं त्यांनी कबूल केलं होतं. आणि विश्वजितच्या आईनं मला स्पष्ट सांगितलं होतं, “काय हौस आहे ती आत्ता फेडून घे. लग्न झाल्यावर सरनोबतांच्या सुनेनं असं बेडकावाणी बसायचं नाही.” मी विश्वजितला गाठलं. तो म्हणाला, “तू जिंकलीस तर आईला मी समजावतो. शब्द देतो.” म्हणजे जिंकले तर कोइमतूर, हरले तर सरनोबतांचं स्वयंपाकघर. इतकी साधी गोष्ट होती.

विश्वजितनं स्वतःला माझा टीम मॅनेजर नेमून घेतलं. तशी अक्षरं भरतकामानं काढलेली टोपीही शिवून घेतली. टीममध्ये मी एकटी.

टायरचे दोन जोड आणले होते, एक मऊ रबराचा, एक कडक. दुकानात मी दोन्ही त्याच्यासमोर ठेवले. “नख लाव,” मी म्हणाले. “ह्यात रुततंय, हे मऊ. ह्यात रुतत न्हाई, हे कडक. तापलेल्या खरखरीत डांबरावर मऊ टायर झिजून जातंय, तिथं कडक बरं. पण बापूसाहेबांच्या लोण्यावर कडक लावलं तर बर्फावर बसल्यावाणी जाईल. आपण मऊ लावायचं. मी लावतो.”

“लावते म्हण गं,” विश्वजित म्हणाला. आमच्याकडं मुलीही ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. त्याला पुण्यात राहून त्याची लाज वाटायला लागली होती.

“लावते,” मी म्हणाले. तेव्हा म्हणाले.

पण सराव सुरू झाला तसं दिसलं की मऊ टायरही त्या फरशीवर पुरेसा नाही. बापूसाहेबांचा मुलगा राजवर्धन पहिल्याच वळणावर आडवा झाला. उठला, गाडीला लाथ घातली, परत बसला आणि परत तिथंच आडवा झाला. मग त्यानं वळणाला शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ऐकली होती, पण अंगण सपाट आहे म्हणून रडणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

तेव्हा मला मामाचं गुऱ्हाळ आठवलं. काहिलीतून उकळता रस सांडतो, वाळतो, आणि मग त्या फरशीवरनं चाललं की पाय चट् चट् वाजतात. चप्पल तर मागंच राहते. मी गुळाचं पातळ पाणी केलं, गोदामाच्या कोपऱ्यात तेवढ्याच जागेवर फडक्यानं पुसलं, उन्हात वाळू दिलं आणि गाडी घातली. गाडीनं जमीन अशी धरली की मीच दचकले.

“हे सगळ्या ट्रॅकवर मारायला सांग,” मी विश्वजितला म्हणाले. “सगळ्यांच्याच हाडांचा प्रश्न हाय.”

“मी सांगतो,” विश्वजित म्हणाला. आणि बापूसाहेबांपुढं उभा राहून म्हणाला, “मी एक टेक्निक शोधलंय.”

मी तिथंच होते. आपल्या माणसाचं नाव होतंय तर होऊ दे, असं वाटलं मला. असं वाटायचं वय असतं एक.

पण गुळाचं नाव निघताच बापूसाहेबांचे डोळे विस्फारले. “गूळ? माझ्या कारखान्यात गूळ?”

हे दुसरीकडच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं ऊस एकच, पण त्याला मागणारे दोन, कारखाना आणि गुऱ्हाळ. हंगामात गुऱ्हाळवाले ऊस पळवतात म्हणून बापूसाहेब इतके जळायचे की त्यांच्या घरी पुरणपोळीही साखरेची व्हायची. “लोकं तोंडात शेण घालतील माझ्या,” ते म्हणाले. “साखर काय मेलीया व्हय? साखर वापरा!”

साखरेनंही काम भागलं असतं. मी पुढं होऊन सांगितलं, बादलीला मूठभर, सरबतासारखं पातळ करा, फडक्यानं नुसतं पुसून घ्या.

“सरबत?” बापूसाहेब विश्वजितला म्हणाले. “साठी माझी हाय. कारखाना माझा हाय. आन् मूठभर? हात आखडू नगा. वता पोती!”

गाढवाला गुळाची चव काय म्हणतात. आमच्या गाढवाला साखरेचीही नव्हती.

शर्यतीच्या दिवशी दुपारी मी आवारात पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. सगळा ट्रॅक उन्हात लखलखत होता. पोत्यानं ओतलेली साखर रात्रभर पाण्यात भिजून सकाळच्या उन्हानं आटली होती, आणि एकतारी म्हणावा असा पाक तयार झाला होता. मुंग्यांच्या रांगा, माशा, मधमाश्या यांनी निमंत्रणाची वाट पाहिली नव्हती. त्यात वारा सुटलेला. आवाराच्या कडेला चोथ्याचा डोंगर, उसाचा रस काढल्यावर उरतो तो भुसा. तो उडून पाकावर बसत होता. अति तिथं माती म्हणतात, ते खरं पाहायला मिळालं. सत्काराला निघालेल्या एका संचालकाचा बूट ट्रॅक ओलांडताना जागीच राहिला आणि तो एका पायावर हात जोडून उभा होता. कुणीही हसलं नाही. पगारी माणसं होती सगळी.

विश्वजित माझ्या गाडीपाशी उभा होता. डोक्यावर ती टोपी. “सगळं रेडी आहे,” तो म्हणाला. “टायर मी सकाळीच बसवले. तू फक्त बस.”

टायरला हात लावल्याशिवाय मी बसत नसते. मी वाकले, नख लावलं. रुतलं नाही. दुसऱ्या चाकाला लावलं, रुतलं नाही.

“हे कडक हायेत,” मी म्हणाले.

“हळू बोल.”

“मऊ कुठं हायेत?”

तो इकडंतिकडं बघायला लागला, आणि त्याचे डोळे जिथं जायचं टाळत होते तिथं मी पाहिलं. राजवर्धन हेल्मेट घालत होता. त्याच्या गाडीचे टायर माझेच होते, कडेला मी मऊ म्हणून केलेली खडूची खूण.

“राजवर्धनचे सरावात खराब झाले, म्हणून बापूसाहेबांनी मागितले,” विश्वजित म्हणाला. “त्यांना नाही कसं म्हणू, केतकी? उद्या आपल्याला याच गावात राहायचंय.”

“आन् मला सांगितलं न्हाईस?”

“तू चिडली असतीस.” मग त्याला काहीतरी सुचलं आणि चेहरा खुलला. “आणि हे बघ, तुझ्याच काळजीपोटी केलं मी. कडक टायरवर तू हळू जाशील, पडणार नाहीस. दुसरी आलीस, तिसरी आलीस, काय बिघडलं? आईसुद्धा आलीय बघायला. तिलाही बरं वाटेल.”

हरशील तर बरं वाटेल, असं तो मला तोंडावर सांगत होता. शब्द देऊन बसला होता ना आईला समजावण्याचा. मी हरले की त्याचा शब्दही वाचला, आईही वाचली आणि बापूसाहेबही खूश. सगळ्यांची सोय झाली होती, राहिले होते फक्त मी.

“म्हणजे त्याला निवडून दिलेस,” मी म्हणाले, “आन् मला उरलेले लावलेस.”

“उरलेले काय म्हणतेस? तेपण इंपोर्टेडच आहेत.”

मला वाटतं, त्याच क्षणी माझं प्रेम गेलं. दगा देतानाही माणसाला आपण काय करतोय ते समजू नये? त्याला खरोखर वाटत होतं की प्रश्न टायर कुठून आणले याचा आहे. मला रडूही आलं नाही.

टायर बदलायला वेळ नव्हता. माघार घेऊन घरी जावं असं मनात आलं. पण मंडपात पुढच्या रांगेत विश्वजितची आई पदर सावरून बसली होती, सुनेचा शेवटचा तमाशा बघायला. मी दोरी ओढली आणि गाडीवर बसले.

शिट्टी झाली आणि राजवर्धन सुसाट सुटला. मऊ टायर पाकाला असा धरत होता की पहिल्या वळणावर तो गुडघा टेकवून गेला आणि मंडप उठून ओरडला. मी मागं. कडक टायर वळणावर इंच इंच सरकायचा, म्हणून मी वळणं सरळ करून, अंग चोरून गाडी चालवत होते. हरणारच होते. फक्त पडायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. आणि तेच विश्वजितला हवं होतं, याचा जास्त संताप येत होता.

मग पुढून एक आवाज यायला लागला, चर्र चर्र असा, पोळपाटाला चिकटलेली कणीक ओढावी तसा. मी बघते तर राजवर्धनचे टायर पाक उचलत होते. मऊ रबर तापलं होतं, ते पाकही उचलत होतं आणि पाकाबरोबर चोथाही. एकेका फेरीला त्याची चाकं जाड होत चालली. खोबऱ्यात घोळलेल्या लाडवासारखी ती केसाळ झाली आणि गाडी थडथड उडायला लागली. त्यानं आणखी जोर दिला. अक्कल कमी असली की माणूस जोर देतो. बाकीचेही मऊ टायरवाले तसेच, एकेक जण लाडू होऊन कडेला लागत होता. माझ्या कडक टायरला काहीच चिकटत नव्हतं.

शेवटच्या फेरीत राजवर्धनची गाडी वळलीच नाही. ती सरळ गेली आणि कडेला लावलेल्या साखरेच्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगात घुसली. त्याला काही झालं नाही. तो पोत्यांमधून उठला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चोथा चिकटलेला होता, आणि बापूसाहेब “डाक्टर! डाक्टर!” म्हणून ओरडत होते. मी त्याच्या शेजारून गेले आणि रेघ ओलांडली.

मोठा पराक्रम केला असं मी कधी म्हटलं नाही. मला मऊ टायर मिळाले असते तर मीही त्याच्यासारखीच लाडू झाले असते. इतका पाक ओततील हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पण जिंकले. कोइमतूर माझं झालं होतं, आणि हेल्मेटच्या आत मी एकटीच मोठ्यानं हसत होते.

बक्षीस द्यायला अय्यासामी उभे राहिले. ते हिंदीत बोलले. सगळ्यांच्या टायरला पाक चिकटला, एकाच गाडीला नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. “ये हार्ड टायर किसने चुना?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात विश्वजित स्टेजवर चढला. माइक त्याच्या हातात होता.

“मी,” तो म्हणाला.

मग तो बोलतच राहिला. ट्रॅकचा अभ्यास कसा केला, पाकाची जाडी कशी मोजली, सगळे मऊच्या मागं लागले तेव्हा आपण एकट्यानं कडकचा निर्णय कसा घेतला. “केतकीचा विरोध होता,” तो हसून म्हणाला. “पण टीम मॅनेजरला कधीकधी कठोर व्हावं लागतं.” मंडपात टाळ्या. त्याची आई पदरानं डोळे टिपत होती. आयत्या बिळावर नागोबा पाहिले होते, पण बीळ बुजवायला जाऊन त्यात राहायला आलेला हा एकच.

मी त्याच्या नजरेची वाट बघत होते. एकदा माझ्याकडं बघू दे, एकदा डोळे खाली जाऊ देत, निदान कान तरी लाल होऊ देत. त्यानं बघितलं. स्वच्छ, प्रेमळ नजरेनं बघितलं. अर्ध्या तासापूर्वी आपण काय बोललो ते तो विसरलेला नव्हता, त्यानं ते मनातल्या मनात दुरुस्त करून टाकलं होतं. खोटं बोलणाऱ्याशी संसार करणाऱ्या बायका मी पाहिल्यात, निभतं त्यांचं. पण ज्याला स्वतःचं खोटं बोलता बोलता खरं वाटायला लागतं, त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून?

“कोइमतूरला मी बरोबर जाणार आहे,” तो माइकवर सांगत होता. “टायर निवडायला.”

आणि त्यानं माझा हात धरून मला पुढं ओढलं, फोटोसाठी. मी त्याच्या हातातला माइक काढून घेतला. त्याला वाटलं, मी आभार मानणार. तो बाजूला सरकून, टोपी नीट करून उभा राहिला.

“सरनोबत,” मी म्हणाले. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच मी त्याला आडनावानं हाक मारत होते. “चांगले टायर तुम्ही राजवर्धनला दिलात. मला उरलेले लावलेत, मी हरावं म्हणून. मी जिंकलो.”

कर्णे पार कारखान्याच्या चिमणीपर्यंत लावलेले होते. बापूसाहेब पहिल्यांदाच शेजारच्या पुरुषाकडं न बघता सरळ माझ्याकडं बघत होते.

“केतकी, माइक चालू आहे,” विश्वजित दात न उघडता म्हणाला.

“व्हय, माहीत हाय.” मी बोटातली अंगठी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. “उरलेला टायर चालला. उरलेला नवरा चालायचा न्हाई.”

मागं कुठंतरी एक बाई खळखळून हसली. मग बाकीच्या हसल्या. विश्वजितची आई उठून उभी राहिली, आणि विश्वजित हातातल्या अंगठीकडं बघत मला हळूच विचारत होता, “पण मी काय चुकीचं केलं?”

त्यानं ते मनापासून विचारलं होतं. मी चषक काखेत मारला आणि स्टेज उतरून चालायला लागले. माझे वडील मंडपाच्या दारात टेम्पो चालू करून उभे होते. कर्ण्यावर सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी आत बसले, हेल्मेट डोक्यावर घातलं आणि काच खाली ओढून घेतली, कारण तो माणूस मला आवडायचा, आणि आता मला रडू येत होतं.